दहावं प्रकरण राहिलं

१ जानेवारी १९३४, सोमवार. अमरावती.
या वर्षी बावन्न पुस्तकं. आठवड्याला एक. कोर्ट सांभाळून सहज होईल. शिवाय आमचं रविवार वाचक मंडळ आहेच. मेंबर तीन: ड्रॉइंग मास्तर केशवराव, जिनिंग फॅक्टरीचे मॅनेजर पंजाबराव आणि सेक्रेटरी मी, म्हणजे कमलाकांत. डिसेंबरच्या शेवटच्या बैठकीत 'माझे वाचनवर्ष' या विषयावर मी निबंध वाचायचा, असा ठराव मीच मांडला आणि एकमतानं पास करून घेतला.
रमा म्हणाली, आधी गेल्या वर्षीचं उशाशी पडलंय ते संपवा. घरात उत्तेजन मिळत नाही.

७ जानेवारी, रविवार. अकोला.
बडनेऱ्याला गाडी बदलून बापूसाहेबांकडे. मॅट्रिकपर्यंत मला त्यांनीच शिकवलं. हेडमास्तर म्हणून रिटायर झाले आणि दोन वर्षांत दृष्टी गेली. जन्मभर वाचत आलेला माणूस. आता ओसरीवर बसून पार्बताकाकूंच्या पावलांचा अदमास घेत असतात. मला भडभडून आलं. शब्द दिला की दर रविवारी येऊन कादंबरी वाचून दाखवीन.
लगेच सुरुवात. लढाईवर गेलेल्या शिपायाची बायको यमुना, तिची गोष्ट. माझा आवाज अशा वाचनाला फार अनुकूल आहे.

२१ जानेवारी, रविवार.
सहावं प्रकरण झालं. (१४ तारखेला संक्रांत होती.)

११ फेब्रुवारी, रविवार. रात्रीच्या गाडीत, पेन्सिलीनं.
मध्ये दोन रविवार कामात गेले. आज तीन प्रकरणं वाचली. नवव्याच्या शेवटी यमुना एकटी घरात, नवऱ्याचं पत्र नाही, आणि दार वाजतं. तिथं प्रकरण संपलं आणि माझी गाडीची वेळ झाली.
बापूसाहेबांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "कोण आलं रे?"
म्हटलं, "पुढच्या रविवारी, सर."
"येशील ना?"
येईन म्हणजे काय, येणारच. उत्सुकता ताणून धरणं हीच वाचनाची कला. पुस्तक तिथंच ठेवून आलो.

१८ फेब्रुवारी.
सर्दी. बसलेल्या घशानं यमुना वाचणं हा यमुनेवर अन्याय.

२५ फेब्रुवारी.
मंडळाची बैठक. मी पाऊण तास बोललो. पुस्तक न वाचता बोललं की मत निर्मळ राहतं. केशवराव माझ्याकडे टक लावून बघत होते. प्रभावित झाले असावेत.

१८ मार्च.
पाहुणे.

२२ एप्रिल.
ऊन. या उन्हात अकोल्याला गेलो आणि मलाच काही झालं, तर बापूसाहेबांनाच वाईट वाटेल.

१३ मे.
अकोल्याहून कार्ड. 'काळजि करु नये. सवडिणे यावे. बापुसाहेब.' पोरासोरांसारखं अक्षर. कुणाकडून लिहून घेतलं कोण जाणे. लाल पेन्सिलीनं चुका दुरुस्त केल्या. सर पूर्वी आमच्या निबंधांना असंच करत.
सवडीनं या म्हणतात, म्हणजे घाई नाही. मोठं मन.
पुस्तकं आतापर्यंत: पाच. (सुरू केलेली धरून.)

१ जुलै.
पुढच्या रविवारी नक्की. गाडीची वेळसुद्धा बघून ठेवली.

८ जुलै.
गाडी साडेसात मिनिटांनी चुकली. स्टेशनवर साडेसात मिनिटं उशिरा पोचलो म्हणून.

१९ ऑगस्ट, रविवार.
पार्बताकाकूंचा निरोप. बापूसाहेब बुधवारी गेले. ताप आला आणि तिसऱ्या दिवशी गेले.
पत्राचे तीन मसुदे केले. पहिला फार भावनाप्रधान, दुसरा फार कोरडा. तिसरा चांगला साधला. तो टाकायचा राहिला.
रमा म्हणाली, जाऊन या. म्हटलं, आता जाऊन काय?

९ सप्टेंबर. दुपार.
नवं पुस्तक काढलं. पहिल्या पानाच्या मध्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "कोण आलं रे?"
वळून पाहिलं. भिंत. पचनाचा दोष असावा. काल वांग्याचं भरीत होतं.

१४ सप्टेंबर.
कोर्टाच्या लायब्ररीत लॉ रिपोर्ट वाचताना पुन्हा. ऐन बाराच्या ठोक्याला, चार वकील समोर बसलेले असताना. तोच आवाज, शेवटचा 'रे' जरा लांबवलेला. मनगटावर पकडसुद्धा जाणवली.
पुस्तक मिटलं की थांबतं. उघडलं की लगेच.

३० सप्टेंबर.
डोळ्यांना विश्रांती म्हणून काही दिवस वाचन बंद. डॉक्टरांनी सांगितलं नाही, पण विचारलं असतं तर सांगितलंच असतं.

१४ ऑक्टोबर.
रमानं विचारलं, मघाशी कुणाशी बोलत होता? कुणाशी नाही म्हटलं. ती म्हणाली, तुम्ही मोठ्यानं म्हणालात, "पुढच्या रविवारी, सर." समोर तर पंचांग होतं.
मला आठवत नाही.

२८ ऑक्टोबर.
केशवरावांना थोडंफार सांगितलं. ते नगर वाचनालयातून त्याच कादंबरीची दुसरी प्रत घेऊन आले. म्हणाले, दहावं प्रकरण वाचून टाका, मोकळे व्हा. मी हात लावला नाही. बापूसाहेबांच्या आधी मी कसं वाचू? ते तिकडे दाराशी थांबलेत. त्यांना ठेवून पुढं जायचं?
केशवराव प्रत परत घेऊन गेले.

१८ नोव्हेंबर.
निबंध लिहायला घेतला. 'या वर्षी सदतीस ग्रंथांशी माझी गाठ पडली.' वाचले असं म्हटलेलं नाही. भाषेची ही सोय आहे.
खाली सही करताना पुन्हा आवाज. आता पुस्तकही लागत नाही.

१६ डिसेंबर.
ठरवलं. अकोल्याला जायचं, बापूसाहेबांच्या ओसरीवर बसून मोठ्यानं पुस्तक पुरं करायचं. काकू ऐकतील. त्यांनाही समाधान. गुरूचं ऋण म्हणतात ते हेच. रमा फक्त "बरं" म्हणाली आणि डबा दिला.

२३ डिसेंबर, रविवार. अकोला, स्टेशनवर.
सगळं नीट लिहितो.
काकूंना नमस्कार केला, आणि तयार करून आणलेली वाक्यं म्हटली: अपुरं राहिलेलं पुस्तक सरांच्या स्मरणार्थ पुरं करायला आलो आहे. काकू म्हणाल्या, "कोणतं? यमुनेचं? ते तर वैशाखातच झालं की."
मला कळेना. तेवढ्यात फुलंवाली आली. मनकर्णाबाई, मोर्णा नदीकाठच्या मळ्यातली माळीण. रोज पूजेची फुलं देते. काकू म्हणाल्या, "हिनं वाचलं."
मी म्हटलं, "तुम्हाला वाचता येतं?"
"चवथीपावतर शिकली ना मी. पन जोडाक्षर नाई ये मले. अडलं का मी सायबाले अक्षराचं रूप सांगो. पोट फोडलेलं हाये म्हनो, खाली शेपटी हाये म्हनो. मंग ते वळखत. लय हासत जी! एक पान वाचाले आमाले सकाळ पुरे ना."
टोपली उतरवून ती पायरीवर टेकली. म्हणाली, "कार्ड मीच लिवलं होतं तुमाले. पोचलं का?"
म्हटलं, "पोचलं."
तिच्या बोटांना शेवंतीचा पिवळा रंग लागलेला होता. काकूंनी आतून पुस्तक आणून दिलं. नवव्या प्रकरणापर्यंत पानं स्वच्छ. दहाव्यापासून प्रत्येक ओळीखाली पिवळट बोट फिरलेलं. शेवटच्या पानापर्यंत.
म्हणाली, त्यानंतर अजून तीन पुस्तकं झाली. चौथं अर्धं राहिलं. ते ती आता घरी एकटीच वाचते, जोडाक्षरं सोडून देऊन.
मी विचारलं, सर माझी आठवण काढत होते का?
"पयले दोन-तीन रविवार काढे. गाडीची शिट्टी झाली का मान वर करत. मंग मी वाचाले लागली. मंग नाई काढली."
चार महिने जो आवाज मनगट धरून होता, त्याला पुस्तकाचा शेवट वैशाखातच ठाऊक होता.
तेव्हा काकू म्हणाल्या, "काढली होती. तापात." आणि मनकर्णाबाईकडे बघून, "सांग न त्याले."
मनकर्णाबाई परडीत फुलं मोजून टाकत होती. वर न बघता बोलली, "म्हने, कमलाकांतले सांगू नोका पुस्तक झालं म्हून. त्याले वाटू द्या का यमुना तिथंच उभी हाये. त्यापायी तरी तो येईन."
मग विचारलं, "दारावर कोण आलं होतं?"
"तुमी नाई वाचलं?" तिला नवल वाटलं. "कोनी नाई जी. वारा होता."

३० डिसेंबर, रविवार. अमरावती.
मंडळाची वार्षिक बैठक, आमच्याच घरी. निबंध खिशातच ठेवला. उभा राहून सांगितलं की या वर्षी माझी नऊ प्रकरणं झाली, बाकी काही नाही.
केशवराव म्हणाले, वाचनालयात त्यांनी केव्हाच पाहिलं होतं. माझ्या नावावर एकही नोंद नव्हती. पंजाबराव म्हणाले, "आमाले कुठं वाटलं तुमी वाचता म्हून? आमी वहिनीच्या चिवड्यासाठी येतो." मग पुढच्या वर्षासाठी सेक्रेटरी म्हणून एकमतानं पुन्हा मीच. दुसरं कुणी तयार नव्हतं.
ते गेल्यावर, उजेड होता तोवर, खिडकीशी खुर्ची ओढून एक पुस्तक उघडलं. पहिलं पान झालं. दुसरं झालं. मागून काही नाही. तिसरं पान मोठ्यानं वाचलं, आवाज लावून, सरांना आवडायचं तसं. मग थांबलो आणि वाट पाहिली.
रमा दाराशी उभी होती. म्हणाली, काय ऐकताय?
काही नाही म्हटलं. खरंच काही नव्हतं.