दोराची दोन्ही टोकं

ता. २ एप्रिल २०२५

चि. सम्मेद यास लालाकाकाचा आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. तुझ्या आईचा गुडघा दुखतो, तरी जैन बस्तीत दर्शनाला रोज जाते. माझं प्रेशर वर-खाली. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू मध्येच बोलतोस आणि माझं सांगायचं राहून जातं. चौथी शिकलेल्याचं अक्षर आहे, लावून घे.

तू लिहिलेलं नाटक मिळालं. जत्रेत महापुराचा प्रवेश, आणि त्यात लालासाहेब म्हणून मीच उभा. तुझा बाप पाण्यात, माझ्या हातात दोर, आणि माझं वाक्य : "आदगोंडा, जीव गेला तरी दोर सोडणार नाही!" मग दोर तुटतो. तालमीत पोरं टाळ्या वाजवतात.

मला ते वाक्य पाठ होईना.

तरुणपणी जत्रेच्या नाटकात नायक मीच असायचो. लाकडी तलवारीने किती सरदार लोळवले, मोजदाद नाही. पण पाठांतर कच्चं. तुझा बाप विंगेत वही घेऊन उकिडवा बसायचा आणि एकेक वाक्य पुरवायचा. एकदा ऐन लढाईत मी अडलो, तर आतून म्हणतो, "एक पाऊल मागं घेणार न्हाई, म्हण की रं गड्या, शत्रू ताटकळलाय!" माझं सगळं शौर्य त्याच्या तोंडचं. शिट्ट्या मला मिळायच्या.

आता तालमीत त्या वाक्याशी आलो की विंगेतून तोच आवाज येतो. मी दोनदा पडदा सारून बघितलं. पोरं विचारतात, "आवं काका, काय शोधताय?"

तिकडे ऊन फार असेल. पाणी पीत जा. मी काय लिहीत होतो... हां.

एकोणीसच्या पुरात तू शिरवळला अडकला होतास. सुंदरीआत्या मळ्यातल्या गोठ्याच्या छपरावर होती. बहिणीला आणायला निघताना तुझ्या बापाने कमरेला दोर बांधला, दुसरं टोक माझ्या हातात दिलं. लिंबाला बांधू म्हटलं, तर हसला. "झाडाला कळतंय व्हय, कवा ओढायचं न कवा सैल सोडायचं? तू धर."

तो अर्ध्यात पोचला आणि पाण्याला ओढ आली. माझे पाय सरकले. तो ओरडत होता, "लाला, धर! धर रं!" त्या दिवशीही माझं वाक्य मला तोच सांगत होता, सम्मेद. मला स्पष्ट ऐकू आलं.

दोर तुटला नाही. मी सोडला.

आणि पळालो. पाइपाला धरून शाळेच्या गच्चीवर चढताना तळहात सोलले. ते हात बघून लोकच म्हणाले, दोर तुटेपर्यंत लालाने धरला. मी नाही म्हणालो नाही. आत्याला दुसऱ्या दिवशी नावेने आणलं. तुझ्या आईने त्याच हातांना तूप लावलं. "भावजी, तुमी तुमच्याकडनं लय केलं," म्हणाली. ते तूप अजून निघालेलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो उसात सापडला. कमरेचा दोर मी सोडवला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. लोक म्हणाले, मैत्री बघा.

तो दोर जवळजवळ सहा वर्षं माझ्या माळ्यावर आहे. शेजारचा ज्योतिबा उद्या शिरवळला येतोय, त्याच्याजवळ या पत्रासोबत पिशवीतून देतो. दोन्ही टोकं नीट बघ. मधेही कुठे तुटलेला नाही.

नाटक बंद करू नकोस. फक्त माझा प्रवेश खरा लिही. मला उभं करायचं की नाही ते तू ठरव. आईला मात्र तू सांगू नकोस. उद्या सकाळी ती बस्तीतून आली की मीच जाणार आहे. तिला सांगायचं वाक्य पहाटेपासून पाठ करतोय.

या वाक्याला मागून आवाज येत नाही.

काका म्हणायचं की नाही, हे आता तुझ्या हाती.

ज्याच्या हातात टोक दिलं होतं, तो
लालासाहेब