पाच मिनिटांची ओळख

सोमवार, ४ तारीख

तारीख आधी घाल गं. परवाचं पान बिनतारखेचं गेलं — नात वीस वर्षांची आणि विसराळूपणा माझ्या वयाचा! सांगते तेवढंच लिही, तुझी अक्कल मिसळू नकोस.

आजपासून म्हाताऱ्यांच्या केंद्रात जायला लागले. तिथली शिकवणारी पोरगी म्हणते, "आजी, खेळातून ओळखी होतात." छातीवर नावाची चिठ्ठी चिकटवली. मला ती वाचता येत नाही. पण नाव पाठ आहे.

मंगळवार, ५

चेंडू ज्याच्याकडे टाकायचा, त्याचं नाव घ्यायचं. रिटायर पोस्टमननं तीनदा माझ्याकडेच टाकला. गुडघे कुरकुरले.

बुधवार, ६

आज धाकटी जाऊ आली केंद्रात. नऊ वर्षं आमचं बोलणं नाही. दीर गेले तेव्हा मला पोचायला दोन दिवस लागले. ती दारातच म्हणाली, "आता कशाला?" मी आल्या पावली फिरले.

पोरगीला काय ठाऊक? तिनं आम्हाला अनोळखी समजून जोडी लावली. पाच मिनिटं बोलायचं, मग एकमेकींची ओळख सगळ्यांना करून द्यायची. खरं काय ते आम्ही दोघींनीही सांगितलं नाही. आधी तोंड कोण उघडणार?

"तुमचं नाव?" मी विचारलं.

तिनं सांगितलं. वर म्हणाली, "आणि आपलं?" — चेहरा असा, की जन्मात पाहिलं नाही!

"घरी कोण असतं?"

"भिंती."

"तब्येत?"

"पुढच्या गुरुवारी पोटाचं ऑपरेशन. शेजारीण येते म्हणालीय, सुट्टी मिळाली तर."

मग तिनं उभं राहून माझी ओळख करून दिली. "ह्या बाई फटकळ आहेत. पण दुसरीचं पोर तापलं, तरी उशाशी बसून राहतात."

हे मी तिला सांगितलं नव्हतं.

पोरगी टाळ्या वाजवत म्हणाली, "बघा, पाच मिनिटांत किती कळलं!" माझी पाळी आली, तर तिचं नुसतं नाव सांगून मी खाली बसले.

शनिवार, ९

खेळात 'तुम्ही' म्हणायला जीभ लगेच वळली. 'तू कशी आहेस' म्हणायला नऊ वर्षं वळली नाही. त्या शेजारणीला सुट्टी नाही मिळाली तर?

गुरुवार, १४

फोनवरून सांगतेय, लिहून घे. शेजारणीला मी कामावर पाठवलं. नर्सनं विचारलं, "पेशंटच्या कोण?" मी म्हटलं, "मोठी जाऊ," आणि कागदावर अंगठा उठवला. ती शुद्धीवर आलीय. डॉक्टर उद्यापासून जेवण द्या म्हणाले. आईला सांग, डब्यात मऊ भात पाठव, मीठ बेताचं. दोघींना पुरेल इतका.