रक्तातले मीठ जागेवर असताना

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, अविवाहित, निवृत्त संशोधक, राहणार याच घरात, कोणाच्या दडपणाखाली नसताना, कोणाच्या गोड बोलण्याला न भुलता आणि पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. ‘पूर्ण शुद्धीत’ हे शब्द बाकीचे लोक सवयीने लिहितात. मला ते रक्त तपासून लिहावे लागत आहेत, म्हणून आधी त्याचा खुलासा करते.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यातून एक संप्रेरक रक्तात पाझरते आणि मूत्रपिंडांना बजावते, की पाणी सोडू नका, धरून ठेवा. माणूस तहानेला, घाबरला, धास्तावला की हे वाढते. या एका संप्रेरकावर मी सगळी नोकरी काढली. आता ते माझ्याच अंगात काही कारण नसताना पाझरू लागले आहे. त्यामुळे पाणी साठते, रक्तातले मीठ पातळ होते, आणि मीठ फार उतरले की माणूस बरळतो. गेल्या वर्षी मी एकदा बरळले. चष्मा फ्रिजमध्ये ठेवला आणि दूधवाल्याला म्हणाले, “सर, पुढचा उंदीर आणा.” दूधवाला भला माणूस, दूध ठेवून गेला. दुर्दैवाने माझा पुतण्या त्या वेळी घरात होता.

पाणी कमी पिणे हा यावरचा उपाय. जन्मभर तहानेवर काम केलेल्या बाईला तहानलेले ठेवायचे! पण हा उपाय मीच माझ्या शोधनिबंधात ठासून मांडलेला असल्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. त्याच निबंधात असेही लिहिले आहे की मीठ उतरलेल्या माणसाच्या निर्णयावर विसंबू नये. माझा निबंध आजवर फारसा कोणी वाचला नव्हता. पुतण्याने वाचला. तो मालमत्तेचा दलाल आहे. वाचून कोणाकडून तरी समजून घेतला, आणि तेव्हापासून घरी येतो तो सरबताची मोठी बाटली काखेत मारून. “आत्या, पी गं. चेहरा बघ कसा सुकलाय तुझा.” माझ्या अंगातल्या पाण्याचा इतका कळवळा त्याला याआधी कधी आला नव्हता.

वकीलबाई म्हणतात की मृत्युपत्रात इतके लिहू नये, मुद्द्यावर यावे. येते.

कलम पहिले : घर. हे घर मी माझ्या पगारातून घेतले, बापजाद्यांचे नाही. ते पूर्णपणे, खिडक्या-दारांसकट, माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे. ती पुढच्या खोलीत पडदे शिवते. हे मृत्युपत्र टिकले नाही, तर घराची वाटणी तिच्यात आणि आमच्या दिवंगत भावाचा मुलगा म्हणून पुतण्यात होईल. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर यांची वाटणी करायची म्हणजे घर विकायचे. विकायचे तर गिऱ्हाईक आणणार पुतण्या, आणि दलाली घेणारही पुतण्याच.

धाकटीला एका घरातून एकदा बाहेर काढलेले आहे. नवऱ्याच्या माणसांनी तिचे शिलाई मशीन फुटपाथवर ठेवले आणि दार लावले. मी रिक्षा घेऊन पोचले तेव्हा ती मशीनवर हात ठेवून उभी होती, कोणी उचलून नेऊ नये म्हणून. रडत नव्हती. “ताई, याची सुई वाकली बघ,” एवढेच म्हणाली. ती पुन्हा तशी उभी राहिलेली मला चालणार नाही. जिवंत असताना चालणार नाही आणि मेल्यावर तर अजिबातच नाही. हे कागद एवढ्यासाठीच आहेत, बाकीची कलमे माझ्या हौसेची आहेत.

हे कळल्यावर धाकटी म्हणाली, “मला नको बाई घर. तूच राहा की.” तिला वाटते, मृत्युपत्र केले नाही तर मी मरणार नाही. या बाबतीत तिला शास्त्र समजावणे मी सोडून दिले आहे.

कलम दुसरे : शिल्लक. बँकेत जे काही आहे तेही धाकटीचे. रक्कम लिहीत नाही, वाचणाऱ्याला उगाच हसू येईल. त्यातून तिने प्रथम स्वतःचे दात करून घ्यावेत. ही विनंती नसून अट आहे.

कलम तिसरे : विभाग. ज्या विभागात मी नोकरी केली त्याला माझ्याकडून एक आलेख, काचेच्या चौकटीसह. त्याची हकिकत अशी.

आमचे प्रमुख, ज्यांना सगळे साहेब म्हणत, त्यांनी तणावावर मोठा प्रयोग मांडला. उंदरांचे दोन गट होते. एकाला त्रास द्यायचा आणि दुसऱ्याला बोटही लावायचे नाही. दोन्ही गटांचे रक्त आणि लघवी तपासायची जबाबदारी माझी. साहेब रोज सकाळी अंगभर अत्तर मारून, करकरणारे बूट घालून प्राणिगृहात येत आणि पिंजऱ्या-पिंजऱ्यावर पेन वाजवत. “काय मंडळी, कसं काय?” मंडळी कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसत. निष्कर्ष असा आला की ज्यांना काहीच त्रास दिलेला नाही, तेही त्रास दिलेल्यांइतकेच धास्तावलेले आहेत. साहेबांनी त्यावरून सिद्धांत मांडला की उंदीर हा प्राणी जन्मतःच तणावग्रस्त असतो. सिद्धांत गाजला, साहेबांना पदक मिळाले.

तो सिद्धांत सांगायला साहेब परदेशी परिषदेला गेले, आणि इकडे शांत गट खरोखरच शांत झाला. संप्रेरक उतरले, लघवी मोकळी झाली, दोन उंदीर चक्क उताणे झोपू लागले. साहेब परतल्यावर मी आकडे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते बारकाईने पाहिले आणि म्हणाले, “मी नसताना इथे काम नीट होत नाही, याचा हा पुरावा आहे.” ते आकडे गाळण्यात आले.

आलेख त्याच दिवसांचा आहे. तो सभागृहातील साहेबांच्या तैलचित्रासमोर लावावा, म्हणजे दोघांना एकमेकांकडे निवांत बघता येईल. विभागाने नाकारल्यास चौकट धाकटीला द्यावी. तिला आरसा बसवायला हवीच आहे.

कलम चौथे : हत्यारे. काचेच्या पिचकाऱ्या, छोटा तराजू आणि माझे उंच स्टूल माझ्या डॉक्टरांना. हे गृहस्थ माझेच विद्यार्थी. वर्गात कायम मागच्या बाकावर, आणि उंदीर चावला म्हणून एकदा रडलेले. आता मला दटावतात. “बाई, आज चहा दोनदा झाला म्हणे!” धाकटी त्यांची फितूर आहे. तरी माणूस चोख आहे. फक्त एका बाबतीत त्याने मला वेड्यात काढले.

साहेबांच्या त्या प्रकरणापासून मला खोड लागली आहे, की आकडा पाहण्याआधी खोलीत कोण आले होते ते विचारायचे. माझ्याच रक्ताचे अहवाल मी तसे पाहिले. पुतण्या येऊन गेला की माझे मीठ उतरलेले असते. सरबताचा थेंब घेतला नाही तरी उतरते. त्याचा नुसता आवाज जिन्यात आला की माझी ग्रंथी कामाला लागते. डॉक्टर हसले. “बाई, योगायोग असेल.” मी म्हटले, “बाळा, असल्या योगायोगांवर मला पेन्शन मिळते.” म्हणून या मृत्युपत्रासाठीचा नमुना आज सकाळी, पुतण्याचे पाऊल घरात पडण्याआधी घेतला आहे. मीठ व्यवस्थित आहे. अहवाल सोबत जोडला आहे. तो तसा यावा म्हणून गेले काही दिवस मी जीभ टाळ्याला चिकटवून बसले होते, याची धाकटीने जाणीव ठेवावी आणि माझ्या माघारी माझ्या फोटोपुढे रडगाणे गाऊ नये.

कलम पाचवे : देह. वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. विद्यार्थ्यांनी ग्रंथी आधी पाहावी, हृदयाशी नंतर खेळावे. हृदयात बघण्यासारखे काही नाही, असे साहेब म्हणत असत.

कलम सहावे : पुतण्या. त्याला काहीही नाही. हे कलम त्याच्यासाठी स्वतंत्र ठेवले आहे, म्हणजे नजरचुकीने राहून गेले असे कोणी म्हणायला नको. लहानपणी तो मला फार आवडायचा. कडेवर बसून माझ्या चष्म्याची काडी चघळायचा. ते पोर कुठे गेले कोण जाणे, मला अजून त्याची आठवण येते.

कलम सातवे : साक्षीदार. दोन लागतात. पहिले डॉक्टर. त्यांना चौथ्या कलमात स्टूल ठेवले होते, पण वकीलबाई म्हणाल्या की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून चौथे कलम रद्द. डॉक्टर म्हणाले, “सुटलो बाई, घरात जागा नव्हती.” मग दुसरा कोण? ज्याला एक पैसाही मिळायचा नाही आणि जो माझ्या चांगला ओळखीचा आहे, असा माणूस शोधायला मला फार लांब जावे लागले नाही.

यापुढचे पुतण्या समोर बसलेला असताना लिहीत आहे. मी त्याला फोनवर सांगितले, की मृत्युपत्र करते आहे, त्यात तुझ्यासाठी स्वतंत्र कलम आहे, सहीला ये. यात एकही शब्द खोटा नाही. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आहे. आज सरबत आणलेले नाही. छताकडे, मग भिंतींकडे बघतो आहे, आणि त्याचे ओठ हलत आहेत. खोलीची मापे घेत असावा. पुढच्या खोलीत मशीन चालू आहे.

डॉक्टरांनी रीतीप्रमाणे मला त्याच्यादेखत प्रश्न विचारले. वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, समोरचा माणूस कोण ते विचारले. मी सांगितले, माझा पुतण्या. “वाः!” तो म्हणाला. “अहो डॉक्टर, तिला काय विचारता? आत्याचं डोकं माझ्यापेक्षा तल्लख आहे! ते दूधवाल्याचं वगैरे काही नाही हो, थट्टेत म्हणाली होती ती.”

वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, “हेच जरा सहीच्या वर तुमच्या अक्षरात लिहाल का?”

“लिहितो की! आपलं रोजचंच काम आहे.” खरेदीखतांवर साक्षीदार म्हणून सह्या करण्यात त्याची हयात चालली आहे. तिथे साक्षीदार होऊनही दलाली मिळते, म्हणून सही दिसली की त्याचा हात आपोआप पुढे येतो. कागद वाचायची त्याच्या धंद्यात पद्धत नाही. “वाचून बघ हवं तर,” मी म्हटले. मनापासून म्हटले. “आत्या, तुझ्यावर विश्वास नाही का माझा?” असे म्हणून त्याने पेनाचे टोपण काढले.

वकीलबाईंना या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते आणि वरील सर्व वाचून, समजून सही करते.

स्थळ : राहत्या घराचे स्वयंपाकघर.
दिनांक : साक्षीदारांनी आपापल्या हाताने घातला आहे.

सही : घरमालकीण

साक्षीदार पहिला : मी बाईंना तपासले आहे. रक्तातील मीठ योग्य पातळीवर आहे. बाईंनी माझ्यादेखत सही केली.
सही : डॉक्टर

साक्षीदार दुसरा : माझी आत्या पूर्ण शुद्धीत असून तिचे डोके माझ्यापेक्षा तल्लख आहे. ती काय करते आहे हे तिला नीट समजते. दूधवाल्याची गोष्ट थट्टेची होती. तिने माझ्यासमोर सही केली. याबाबत पुढे कधीही माझी तक्रार राहणार नाही.
सही : पुतण्या