खाटेखाटेला अंगारा

प्रिय भारत,

फोनवर समजवायला लागले की तू ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र बद्रीनाथकाकांबरोबर हसनाबादला पाठवते आहे. पूर्ण वाच. अण्णांचा ताप अजून उतरलेला नाही. प्रोस्टेटचं ऑपरेशन तर चांगलं झालं होतं. मग बिघडलं कुठं, हे याच दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तुझ्या बहिणीला कळायला आठवडा लागला. डोकं आपटून घ्यावंसं वाटतं.

शेजारच्या खाटेवर शिवाजी नावाचा माणूस आहे, पायाची जखम चिघळलेला. त्याच्या जखमेतला जीवाणू वेगळा, अण्णांच्या लघवीतला वेगळा. पण औषध निकामी करणारं जनुक दोघांत एकच. हे जीवाणू सोयरीक बघत नाहीत रे. परक्या जातीचा जवळ आला, तरी त्याला ते जनुक देऊन मोकळे होतात. कुणाच्या तरी हातावरून शिवाजीचा जीवाणू अण्णांच्या पोटात गेला असणार, आणि तिथल्या साध्यासुध्या जीवाणूला त्याने ते देऊन टाकलं; तोच पुढे लघवीत उतरला.

हात कुणाचा? आईने राजूरच्या गणपतीचा अंगारा आणला आणि एकाच अंगठ्याने अख्ख्या वॉर्डाला लावला, शिवाजीच्या पट्टीवरसुद्धा. मी ओरडले तर म्हणते, “देवाचा अंगारा हे माय, त्यानं कुणाचं वाईट होत न्हाई.” तिला तरी काय बोलू? आमचे मोठे डॉक्टर न धुतलेल्या हातांनी खाटेमागून खाट तपासत जातात. बेसिनला साबण नसतो. हात धुवा म्हणून मी पाटी लावली, तर लोकांनी तिच्या खिळ्याला डब्यांच्या पिशव्या अडकवल्या. जीपा भरून माणसं येतात, खाटेवर बसतात, अंगावरून हात फिरवतात. मी रोज भांडते आणि रोज वाईट ठरते.

आता एकच औषध उरलं आहे, तेही लागू पडेलच असं नाही. दारात चप्पल वाजली की अण्णा विचारतात, “भारत आला का? पोरीला आणलं का?” मी मोबाइलवर तिचा फोटो दाखवला, तो त्यांनी बाजूला सारला. आणि काका सांगतात, तू रविवारची जीप ठरवली आहेस, बारसंही न झालेली लेक आजोबांच्या मांडीवर ठेवायला. भारत, येऊ नकोस. तिला तर मुळीच आणू नकोस. नात न बघताच अण्णांनी डोळे मिटले, तर भावकीत बिनधास्त सांग, ताईनं येऊ दिलं नाही. अण्णांनाही मी तेच सांगितलं. कालपासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

कितीही रागावलास तरी तुझीच,
मोनालीताई