कपड्यांवरून घेतलेलं माप

गुरुवार, दुपारचे तीन

प्रिय सूनबाई,

'सूनबाई' म्हटलं की आपण जुन्या नाटकातलं पात्र झाल्यासारखं तुला वाटतं, हे मला ठाऊक आहे. पण सहा वर्षांत माझ्या जिभेला दुसरं वळण लागलं नाही, आता काय लागणार. अक्षर बघून दचकू नकोस. डाव्या हाताने लिहितेय. उजवा सध्या गळ्यात अडकवलाय. का, ते सांगेन, पण माझ्या क्रमाने सांगेन. एकदम सांगितलं तर तू पत्र खाली ठेवून रडत बसशील आणि मुद्दा राहून जाईल. सोबतचं पुडकंही आत्ता फोडायचं नाही. आधी पत्र.

अठ्ठावीस वर्षं मी बायकांना मापाच्या ब्रा शोधून देतेय, आणि माझ्या टेपखालून गेलेल्या दहांपैकी आठ बायका चुकीचं माप घालून आलेल्या असतात. सोळाव्या वर्षी कुणीतरी 'चौतीस' सांगितलेलं असतं, ते त्या जन्मभर पाळतात. दोन बाळंतपणं होतात, अंग सुटतं, अंग आटतं, आकडा हलत नाही. इतकी निष्ठा नवऱ्यांच्याही वाट्याला येत नाही. नवरे तर विचारूच नकोस. मागच्या महिन्यात एकजण बायकोसाठी भेट घ्यायला आला आणि माप विचारल्यावर दोन्ही पंजे हवेत गोल करून उभा राहिला, जसा काही कलिंगड निवडतोय. मी म्हटलं, साहेब, बाईसाहेबांनाच पाठवा, हात खाली घ्या, लोक बघताहेत. आणि बायकांचं गाऱ्हाणं ठरलेलं. पट्टा खांद्यात रुततो, तार बरगडीत टोचते, घरी गेल्यावर चपला काढायच्या आधी हूक काढते. मग घालता कशाला, असं विचारलं की उत्तर एकच, "सवय झालीय हो." टोचणाऱ्या गोष्टीची सवय होते आणि मग सवयीची गोष्टच मापाची वाटायला लागते. हे मी गिऱ्हाइकांना मोठ्या तोऱ्यात ऐकवते. तू तर पाठच केलं होतंस, माझी नक्कल करून दाखवायचीस.

माझा दुसरा नियमही तुला पाठ आहे. कपड्यांवरून माप घ्यायचं नाही. पडदा ओढायचा, वरचे कपडे उतरवायचे, मग टेप. कुणी लाजलं तरी नाही, कुणी ओरडलं तरी नाही. एकदा एक न्यायाधीशबाई आल्या होत्या, कोटाची बटणंसुद्धा काढेनात. मी म्हटलं, बाई, कोर्टात तुमचं चालतं, पडद्याच्या आत माझं. काढली बटणं. मालकीणबाई घाबरून बिलाच्या यंत्रामागे लपल्या होत्या.

आणि तीन महिन्यांपूर्वी तू आलीस. सोमवार, दुकान रिकामं. म्हणालीस, "आई, मला पुढे हूक असलेली द्या." मी म्हटलं, का गं, मागच्या हुकांनी काय घोडं मारलंय? तू म्हणालीस, बॅडमिंटन खेळताना खांदा आखडलाय, हात मागे जात नाही. बॅडमिंटन! सहा वर्षांत तुझ्या हातात मी माश्या मारायची जाळीसुद्धा बघितली नव्हती. पडदा ओढायला गेले तर तू हसलीस आणि म्हणालीस, "राहू द्या ना, वरूनच घ्या माप." आणि सूनबाई, मी वरूनच घेतलं. जाड स्वेटरवरून. टेप डाव्या बाजूला आला तसा तुझा श्वास थांबला; तो माझ्या बोटांना कळला. टेप आवळल्यावर तू दात आवळलेस, ते मला आरशात दिसलं. मी काय म्हटलं, आठवतंय? "खेळताना होतं असं." पुढच्या हुकाच्या दोन पिशवीत घातल्या, घडी घातली, वर तुला चहा पाजला.

पुढे हूक असलेली ब्रा माझ्याकडे तीन तऱ्हेच्या बायका मागतात. एक, वय झालेल्या, ज्यांचे सांधे धरलेत. दोन, शस्त्रक्रिया झालेल्या. तिसऱ्या कधी बॅडमिंटन खेळतात, कधी जिन्यावरून पडतात, कधी न्हाणीघरात घसरतात. तिसऱ्या मला लगेच ओळखू येतात, कारण मीही त्यातलीच. मी न्हाणीघरवाली.

तुझ्या सासऱ्यांचा फोटो तू दिवाणखान्यात पाहिला आहेस, शांत, चष्मा लावलेला. लोक अजून म्हणतात, किती सज्जन माणूस. होतेच. बाहेर. एका सकाळी इस्त्री केलेल्या शर्टाची कॉलर दुमडलेली निघाली म्हणून त्या सज्जन माणसाने माझा हात पाठीमागे पिरगळला आणि मी खाली बसल्यावर बुटासकट लाथ घातली. बूट नुकतेच मी पॉलिश केलेले होते, त्यामुळे ब्लाउजवर काळा ठसा छान उमटला. दोन बरगड्या गेल्या. दवाखान्यात जायची सोय नव्हती, तिथे प्रश्न विचारतात. मग मी माझ्या मापापेक्षा दोन नंबर लहान, रुंद पट्ट्याची ब्रा आणली आणि दोन महिने दिवसरात्र अंगात ठेवली. बरगड्या जागच्या जागी राहिल्या. या धंद्याचा श्रीगणेशा मी असा केला. मुलाखतीत मालकीणबाईंनी विचारलं होतं, आवड कशी लागली? म्हटलं, लागली अशीच, एका सकाळी.

पण हात मागे जात नव्हता, मग हूक कोण लावणार? तुझा नवरा. तेव्हा सात वर्षांचा होता. शाळेचा डबा भरून झाला की मी त्याच्याकडे पाठ करून बसायची आणि तो दोन्ही हातांनी पट्टे ओढायचा. "आई, कितव्या हुकाला?" मी म्हणायची, शेवटच्या. "दुखतंय का?" मी म्हणायची, नाही रे राजा, आई पडली ना न्हाणीघरात. त्या सकाळी दारात उभं राहून त्याने लाथ बघितली होती. मला माहीत होतं की त्याने बघितलीय, त्याला माहीत होतं की मला माहीत आहे. तरी दोन महिने रोज सकाळी मी त्याला तेच सांगितलं. हात नेमका किती पिरगळला की बाई खाली बसते हे तो बापाकडून शिकला. त्यानंतर तिला काय सांगायला लावायचं, ते माझ्याकडून.

म्हणून मी स्वेटरवरून माप घेतलं. पडदा ओढला असता तर तुझ्या पाठीवर मला माझाच मुलगा दिसला असता.

तू तीन आठवड्यांपूर्वी बॅग घेऊन तुझ्या ताईकडे निघून गेलीस, तेव्हा मला कुणी काही सांगितलं नाही. चिरंजीव म्हणाले, थोडी कुरबुर झालीय. बेसिनवर तुझं डोकं आपटलं, ओठाला चार टाके पडले, हे मला तुझ्या ताईने फोनवर सांगितलं. काल. मंगळवारचं मी तिला सांगितल्यानंतर.

तर मंगळवार. दुपारी पडद्याच्या आत एक शाळेतल्या खेळांच्या बाई होत्या, मालकीणबाई जेवायला गेलेल्या, आणि चिरंजीव आले. आवाज अगदी मऊ. "आई, ती तुझ्याशी बोलते ना? माझ्याबद्दल काय काय सांगितलंय तिने?" मी म्हटलं, काही नाही, आणि ते खरंच होतं. मग त्याने खण ओढायला सुरुवात केली, जणू तू बत्तीस नंबरच्या खणात दडून बसली होतीस. एकेक खण उपडा. जमिनीवर अठ्ठावीस वर्षांचं माझं वर्गीकरण, काळ्यात पांढरं, पांढऱ्यात गुलाबी. मी म्हटलं, बास झालं, उचल सगळं. त्याने माझं मनगट धरलं. मला कळलं पुढे काय होणार. तोच कोन, तोच वेग, बापाचा हात जसाच्या तसा. खांद्यात काहीतरी 'टक्' वाजलं आणि मी खाली बसले. त्याने पाय उचलला. बूट मागे गेलेला मी बघितला.

काउंटरवर आपली ती अर्धी बाई असते ना, डोकं नसलेली, प्लास्टरची, जिला तू 'आदर्श सून' म्हणायचीस? डाव्या हाताला तीच लागली. मी ती कमरेला धरली आणि त्याच्या तोंडावर हाणली. एकदा नाही. भुवई फुटली, प्लास्टर फुटलं, पांढऱ्या कपांवर रक्त उडालं. तिसऱ्यांदा उचलली तेव्हा खेळांच्या बाई अर्धे हूक लावून बाहेर आल्या आणि त्यांनी मला धरलं, त्याला नाही. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की नंतर भीती वाटली. हा हात त्या घरात कुणाकुणात उतरलाय असं वाटलं. तो भुवईवर हात दाबून जमिनीवर बसला होता, आणि क्षणभर मला सात वर्षांचा दिसला. मी रुमाल पुढे केला, सवयीने. त्याने तो घेतला, पुसलं, आणि हसून म्हणाला, "पोलिसांना काय सांगशील आई? पडलीस म्हणून?"

चौकीवर जाऊन मी सगळं सांगितलं. डाव्या हातानेच सही केली. बॅडमिंटन, स्वेटर, टेप, तुझा थांबलेला श्वास, मंगळवार, आणि मी किती वेळा हाणलं तेही. लिहून घेणारा हवालदार म्हणाला, बाई, मुलगा आहे तुमचा, परत विचार करा. मी म्हटलं, अठ्ठावीस वर्षं केलाय, आता लिहा. खेळांच्या बाईंनीही जबाब दिला. डॉक्टरांनी हात गळ्यात बांधला. आणि अंगात काय आहे माझ्या, ओळख. पुढे हूक असलेली. दुसरी चढतच नाही.

काल ताई बोलता बोलता म्हणाली, तू रविवारी त्याच्याकडे परत जातेयस. त्याने फोनवर रडून सांगितलंय, पुन्हा हात उचलणार नाही, आईची शपथ. कधी घेतली शपथ, विचारलं. म्हणाली, सोमवारी. सूनबाई, ज्या आईची शपथ घेतली, ती मी. सोमवारची शपथ मंगळवारी दुपारी माझ्या खांद्यात मोडली. म्हणून हे पत्र, वाकड्या अक्षरात. रविवारी जाऊ नकोस. हे ताईने तुझ्यासाठी गाठलेल्या वकिलाला दाखव. तो म्हणत होता ना, तुझ्या बाजूने घरातलं कुणी बोलायला नाही? आता पुडकं उघड. एक पुढे हूक असलेली आहे, सध्यासाठी. दुसरी मागे हूक असलेली, तुझा हात पाठीपर्यंत पोचेल त्या दिवसासाठी. दोन्हींचं माप त्या स्वेटरवरचंच आहे, म्हणजे चुकणारच. तशीच घालून सवय करून घेऊ नकोस. बदलायला ये. या वेळी पडदा ओढून घेऊ, आणि मी सगळं बघेन.

तुझीच,
आणि शपथेवर विचारलं तर त्याचीही,
आई