तिसऱ्या मजल्यावरची काच

३ फेब्रुवारी, सोमवार

पोल घेतला! जमिनीवर उभं राहून वरच्या काचा धुवायचा, टोकाला ब्रश आणि पाण्याची नळी असलेला. एकदाचा घेतला. दोन तास दुकानात उभं राहून माझ्या पायांचे तुकडे पडले आणि दुकानदाराचं डोकं उठलं. वहिनीने त्याच्याकडचा एकेक पोल पूर्ण लांब करून रस्त्यावर उभा धरायला लावला — मला. स्वतः घड्याळ बघत उभी. पाच-पाच मिनिटं! दुकानात हातात घेतलं की सगळेच हलके लागतात, म्हणे.

कार्बनचा पोल काय सुरेख होता. चाळीस फूट लांब केला तरी मनगटाला कळलं नाही. मी म्हटलं, हाच. दुकानदारही म्हणाला, हाच. वहिनीने एकच विचारलं — वरून विजेची तार गेली असेल तर? तो जरा घुटमळला. मग म्हणाला की कार्बनमधून वीज सरळ खाली उतरते, पण तसं म्हटलं तर कुठलाच पोल तारेजवळ न्यायचा नाही, फायबरग्लाससुद्धा ओला झाला की भरवशाचा नाही. वहिनी म्हणाली, फायबरग्लासचा दाखवा. तो जड. वर ब्रश डुलतो आणि खाली माझा खांदा निखळतो. तोच घेतला.

गाडीत बसताना एवढंच म्हणाली, “आपल्या घरातलं आता अजून कोणी जायचं नाही.”  

४ फेब्रुवारी, मंगळवार

खांदा सुजलाय. वहिनीला सांगितलं नाही.

दादा दोन वर्षं हाच पोल मागत होता. बाबा ऐकायला तयार नव्हते. चाळीस वर्षं शिडीवर काढलेला माणूस! “जमिनीवर उभं राहून काच पुसायची, म्हणजे हात न लावता पोळी लाटायची” — हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दादा हसायचा आणि शिडी खांद्यावर घ्यायचा. दहा महिन्यांपूर्वी ती शिडी ओल्या फरशीवरून सरकली. दुसरा मजला. हॉस्पिटलपर्यंतसुद्धा पोचला नाही.

शिडी खालून बाबांनी धरली होती, त्यांचा हात सुटला. हे सगळ्यांना माहीत आहे. बाबांनीच सगळ्यांना सांगितलं.

पंधराव्या दिवशी वहिनीने त्यांची बॅग भरली. ज्या वृद्धाश्रमाच्या काचा आम्ही वर्षानुवर्षं पुसतो तिथेच खोली मिळाली, तिसऱ्या मजल्यावर. वहिनी म्हणाली, हा माणूस या घरात परत पाऊल टाकणार नाही, आणि त्याचं नावही काढायचं नाही. मी काढत नाही. भेटायलाही गेले नाही. एकदाही नाही! लोकांना वाटतं, भावाच्या दुःखाने बापावर रागावली आहे. वाटू दे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वृद्धाश्रम. दहा महिने आम्ही फक्त तळमजला हाताने पुसून देत होतो, वरच्या काचांवर धुळीचे थर. व्यवस्थापक बाई बिचारी काही बोलली नव्हती. आज पोल बघून खूश झाली.

वहिनी फाटकाबाहेर गाडीजवळ, टाकी आणि पंप सांभाळत, इमारतीकडे पाठ करून. तिथून पाणी सोडणार, नळी मोकळी करणार, पण आत यायचं नाही. मी पोलच्या खाली. आधी चौकट घासायची, मग काच, मग ब्रश काचेपासून जरा लांब धरून नुसतं पाणी सोडायचं. पुसायचं नाही! पाणी इतकं शुद्ध की आपोआप वाळतं, डाग मागे राहत नाही. माझा अजून विश्वास बसत नाही. सारखा खिशातल्या फडक्याकडे हात जातो.

तिसरा मजला, डावीकडून चौथी खिडकी. बाबांची, व्यवस्थापक बाई मागे बोलता बोलता म्हणाली होती. वर बघितलं नाही. म्हणजे ब्रशकडे बघावंच लागतं. ब्रशच्या मागे बघितलं नाही.

शिडीवर असताना हे जमलं नसतं. शिडीवर काचेला नाक लागतं, आतला माणूस वीतभर अंतरावर. पोल घेताना हे माझ्या मनात होतं का? होतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वहिनीने पोलची देखभाल म्हणजे देवपूजाच करून ठेवली आहे. रोज संध्याकाळी सातही तुकडे वेगळे करायचे, आतून-बाहेरून साध्या पाण्याने धुवायचे, फडक्याने पुसायचे, भिंतीला उभे करून वाळवायचे. वाळूचा एक कण आत राहिला तर तुकडे एकमेकांना खरवडतात आणि मग आयत्या वेळी अडकतात. किंवा घसरतात. प्रत्येक जोडाचा क्लॅम्प उघडून-मिटून बघायचा. ढिला असला तर स्क्रू पाव फेरा, जास्त नाही, नाहीतर नळकांडं तडकतं. मी तेलाचं बोट लावायला गेले तर केवढी ओरडली. तेलाला धूळ चिकटते.

सगळं झालं की ती एकेक तुकडा डोळ्याला लावून आरपार बघते. दादा असा शिडीचे पाय तपासायचा. नाही, खोटं कशाला लिहू, दादा काही तपासायचा नाही. तो बिनधास्त होता, कारण खाली घरचं माणूस असायचं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पाऊस, काम बंद. वहिनीने वाळलेले तुकडे परत धुतले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

वृद्धाश्रमातून तक्रार. व्यवस्थापक बाईंचं ऑफिस अंगणाच्या पलीकडे, तिथून त्यांना एकच काच मळकट दिसते. तिसऱ्या मजल्यावरची, डावीकडून चौथी.

मी म्हटलं, परत मारते. मारली. चौकट, काच, भरपूर पाणी. खांद्यातून कळा. वाळल्यावर बाईंनी बोलावून दाखवलं — दोन धुरकट ठिपके, एक वर, एक जरा खाली. त्या म्हणाल्या, काठीपेक्षा शिडीच बरी होती की काय! सहज म्हणाल्या. मी नळी गुंडाळायला घेतली.

वहिनीला तक्रार सांगितली. खिडकी कुणाची ते सांगितलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

वहिनी पिसाळली आहे. दादाचा पोल आणि त्याने काच निघत नाही? मीटर पाण्यात बुडवून बघितला — शून्य. म्हणजे पाण्यात क्षाराचा कणही नाही. तरी फिल्टर बदलला. मला विचारलं, शेवटचं पाणी नीट सोडलंस ना? ब्रश काचेला टेकवून तर नाही ना ठेवलास? मी खाली मान घालून हो-नाही करत राहिले.

६ मार्च, गुरुवार

नवा फिल्टर. ठिपके आहेतच.

७ मार्च, शुक्रवार

आता ब्रश. नायलॉनचा मऊ पडतो म्हणून वहिनी डुकराच्या राठ केसांचा घेऊन आली. दुकानदाराशी फोनवर भांडली. तो म्हणाला म्हणे, बाई, काचेला दोन बाजू असतात, आतून कोणी पुसतं का? वहिनीने व्यवस्थापक बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आतून रोज पुसतात. रोज! तिथल्या मुली लाद्यांवरून ओलं फडकं फिरवतात तेच पुष्कळ.

मला तेव्हाच कळलं. म्हणजे कळायला काय, आधीच कळलं होतं. दोन ठिपके, एक वर, एक जरा खाली. कपाळ आणि हात.

 नवा ब्रश धुऊन वाळत घातला.

२० मार्च, गुरुवार

आज वर गेले.

नव्या ब्रशनेही ठिपके गेले नाहीत. वहिनी फाटकातूनच म्हणाली, वर जाऊन आतून बघून ये, मला सोक्षमोक्ष पाहिजे. खोली कुणाची ते तिला अजून माहीत नव्हतं. सांगितलं असतं तर तिने पाठवलं नसतं. नाही सांगितलं. जिने चढले. तीन मजले चढायला मला आयुष्यात कधी एवढा वेळ लागला नाही.

दार उघडंच होतं. पलंग, कपाट, खुर्ची. खुर्ची खिडकीला लावलेली आणि त्यात बाबा. केवढे लहान झालेत! शर्टाची कॉलर मानेभोवती नुसती फिरते. कपाळ काचेला टेकवून खाली अंगणात बघत होते. तिथे माझा पोल आडवा ठेवलेला. डावा पंजा काचेवर.

मी दारातच. माझ्या पायांचा आवाज त्यांनी ओळखला असावा, वळले नाहीत.

“माकडा, चौकट आधी घासतेस ते बरोबर. पण शेवटचं पाणी वरच्या कडेपासून सोड. घाई करतेस.”

म्हणजे ते बघत होते. दर वेळी. मग वळले. त्यांनी रडावं, ओरडावं, शिव्या द्याव्यात म्हणून मी वाट बघत उभी. त्यांनी विचारलं, खांदा दुखतो का? आणि सुनेचं कसं चाललंय?

आता लिहून टाकते. इथेही लिहिलं नव्हतं, या वहीतसुद्धा. इथेसुद्धा मी लोकांचीच गोष्ट लिहिली.

त्या दिवशी बाबा गिऱ्हाइकाच्या घराच्या मागच्या बाजूला तळमजल्याच्या खिडक्या पुसत होते. शिडी मी धरली होती. माझा फोन वाजला. मैत्रिणीचा. काही नाही, तिच्या नव्या पडद्यांच्या रंगाबद्दल. ऊन होतं म्हणून गाडीच्या सावलीत गेले. दादाला म्हटलं, आलेच. तो वरून हो म्हणाला. चार मिनिटं! आवाज ऐकून बाबा माझ्या आधी पोचले. माणसं धावत आली तेव्हा ते शिडीच्या पायाशी बसले होते आणि म्हणत होते — माझा हात सुटला, माझा हात सुटला. मी फोन हातात घेऊन बघत राहिले. त्या वेळी बोलले नाही. मग बोलायची वेळ रोज थोडी थोडी निघून गेली.

आज त्यांना विचारलं, का सांगितलंत तसं?

ते म्हणाले, “पोल मी घेऊ दिला नाही. दोन वर्षं तो मागत होता. मग शिडी कुणाच्या हातून सुटली याला काय अर्थ? तू तरुण आहेस, तुला त्या घरात राहायचंय.”

मी म्हटलं, बाबा, मी सांगते वहिनीला. त्यांनी मान हलवली. म्हणाले, अजिबात नाही, माझं आता राहिलंय किती. मग खिशातून रुमाल काढून काच आतून पुसायला लागले. एवढ्या वर्षांचा हात, तीन फटक्यांत काच लख्ख! मी तशीच खाली आले.

वहिनीने विचारलं, काय होतं? मी म्हटलं, आतून होतं, पुसलं. ती हसली. जवळजवळ वर्षभरात पहिल्यांदा मोकळेपणाने हसली. पोलवर थाप मारली.

२२ मार्च, शनिवार

वहिनी मला जेवताना वाढते, खांद्याला तेल चोळून देते. दुखतोय हे तिने कधीचंच ओळखलं होतं. म्हणते, ताई, तुझ्याशिवाय माझं कोण आहे. 

२४ मार्च, सोमवार

मनात हिशेब मांडत बसते. सांगितलं तर दादा परत येणार नाही. सांगितलं तर वहिनी एकटी पडेल, टाकी कोण भरणार, पोल कोण धरणार. बाबांनीच नको म्हटलंय, म्हणजे त्यांचा शब्द मोडल्यासारखं. केवढी कारणं सापडतात मला! एकेक कारण घासूनपुसून ठेवलेलं. आणि तिकडे तो म्हातारा खुर्चीत बसून महिन्यातून दोनदा येणाऱ्या ब्रशची वाट बघतो.

भित्री आहे मी. बाकी काही नाही.

२७ मार्च, गुरुवार

वृद्धाश्रमातून फोन. बाबांना दोन दिवस ताप आहे, खाणं सोडलंय. काळजीचं कारण नाही म्हणाल्या. फोन मी घेतला होता. वहिनीने विचारलं कोण होतं. मी म्हटलं, चुकून लागला.

पुन्हा फोन, आणि पुन्हा मी तशीच!

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी पोलचे तुकडे जोडताना तिसरा क्लॅम्प मिटेना. वहिनी म्हणाली, आण इकडे. ती मान खाली घालून स्क्रू फिरवत होती, तेव्हा बोलले. एका दमात सांगितलं. फोन, सावली, पडदे, चार मिनिटं. बाबांचा तापही.

तिने स्क्रू पाव फेराच फिरवला. क्लॅम्प मिटून बघितला. तुकडा भिंतीला नीट उभा केला. मग गाडीची किल्ली घेतली. मी दार उघडून बसायला गेले तर म्हणाली, “तू नको. परत येताना तिथे बाबा बसतील.”

२८ मार्च, संध्याकाळ

बाबांना घेऊन आली. त्यांना धरून आत नेलं, गादीवर निजवलं, गरम पाणी दिलं. मग बाहेर आली आणि माझी बॅग भरायला घेतली.