उद्याच्या फोनवर विश्वास ठेवू नकोस

प्रिय सहर,

जेद्दाहून दादीचे सलाम. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, हसू नकोस. हीच अक्षरं तुला ओट्यावर पीठ पसरून मी शिकवली, तुझ्या इंग्लिश शाळेने नाही. कागदाचा फोटो काढून पाठवतेय, तुझ्या बापाच्या नजरेआड.

घरात तीन दिवस कोणी धड जेवलेलं नाही. इथे परत यायची तुझी री-एंट्री, तो व्हिसा, गुरुवारी संपते. तुझ्या बापाने, शौकतने, ती काढली तेव्हा त्याला वाटलं, तुमचं तिथलं रॉकेट म्हणजे विमान, तारीख ठरली की सुटतं. आता मुदत वाढवायची तर त्याचाच इकामा, इथे राहायचा परवाना, कफिलाकडे म्हणजे मालकाकडे अडकलाय. गुरुवारच्या आत आली नाहीस तर जन्मलीस त्या घराचं दार बंद. दिवसभर मोबाइल घेऊन येरझारा घालतो आणि मला म्हणतो, अम्मी, तुम्हीच तिला लाडावलंत. लाडावलं तर लाडावलं.

तू नॉर्वेहून सांगितलंस ते त्याला नाही समजलं, मला समजलं. तिथल्या आभाळातला हिरवा उजेड वरून कोसळणाऱ्या इलेक्ट्रॉननी पेटतो. त्यांना एवढा जोर कुठून येतो, ते उजेडात घुसूनच मोजावं लागतं. रॉकेट एकच, दहा मिनिटांत वर जाऊन समुद्रात पडणार. उजेड नेमका डोक्यावर हवा, वारा पडलेला हवा. सोळा दिवस तुम्ही उलटे आकडे मोजत दोन मिनिटांवर येऊन थांबताय. आणि आतलं मोजायचं यंत्र तुझ्या हातचं, दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही.

नऊ वर्षांची होतीस. ताइफच्या घाटात वीज चमकली की गडगडाटापर्यंत आकडे मोजत पावसात उभी. शौकत हॉर्न वाजवतोय. मी गाडीचं दार उघडं धरून म्हटलं, मोजू दे तिला. सगळे भिजलो, मेलं कोणी नाही.

आता मुद्द्याचं. काल भिंतीपलीकडून त्याचं बोलणं ऐकलं. उद्या तो तुला रडत फोन करील, दादी हॉस्पिटलात आहे, तोंड बघायचं तर ये. वाईट नाही गं तो, घाबरलाय. पण मी ठणठणीत आहे. आत्ताच सुरमईचं कालवण उतरवलंय. तुझा इकामा गेलाच तर आपल्या गावी, दापोलीला येऊन भेटेन, गुडघे बोंबलले तरी. तू तिथून हलू नकोस. मरायला टेकले तर मी स्वतः कळवीन, बापाच्या तोंडून नाही.

तुझीच,
दादी अमिरुन्निसा